हीरोच्या गठ्ठ्यात की व्हिलनच्या? अनुभव लिहा

शिवडीची_लेक
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, त्यामुळे माळा रिकामा करणं सुरू आहे. परवा पत्र्याच्या ट्रंकेतून माझी आणि दादाची सगळी कॉमिक्स निघाली. इंद्रजाल, अमर चित्र कथा, राज कॉमिक्स, थोडे टिंकल. दादाची लेक सुट्टीला आलीय, तिला म्हटलं जरा नीट लाव. तिने तिच्या पद्धतीने लावली. एक गठ्ठा हीरोंचा, एक व्हिलनचा. आणि थोड्या वेळाने हाक, "आत्या, हा नागराज कुठे ठेवू?"

हातात पहिला अंक होता, १९८६ चा. ज्यांनी वाचलाय त्यांना आठवेल, त्यात नागराज कुणाचा तारणहार नाही. प्रोफेसर नागमणीने तयार केलेलं हत्यार आहे, दहशतवाद्यांना वापरायला द्यायचं. बाबा गोरखनाथ त्याला नागमणीच्या ताब्यातून सोडवतात आणि मग तो आपला नागराज होतो.

दादाशी माझं ह्यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. तो म्हणायचा, पहिल्या अंकापुरता व्हिलनच. मी म्हणायचे, ज्याचं डोकंच दुसऱ्याच्या ताब्यात आहे त्याला कसला दोष देता? आजही माझं मत तेच आहे. माणूस कुठून आला ह्याला महत्त्व नाही, स्वतःचं स्वतः ठरवायची वेळ आल्यावर तो काय करतो ते बघायचं आणि मग गठ्ठा ठरवायचा.

तुमच्याकडे कोणतं पात्र ह्या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात गेलं? नुसती नावं नकोत, प्रसंग लिहा.

काळाचौकीकर
राज कॉमिक्समधला कुत्र्याच्या मुखवट्याचा डोगा!!! आणि दुसरं कोण. आपल्या मुंबईचा. विषय संपला.

बोरिवली_फास्ट
ट्रंक रद्दीत देऊ नका हो प्लीज. आधी इथे विचारा.

हवालदाराची_पोर
डोगाचं नाव निघालंच आहे तर लिहिते. बाबा मुंबई पोलिसात होते, आम्ही नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचो. एकदा जेवताना त्यांनी माझ्या हातातला डोगाचा अंक घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. भात गार झाला तरी वाचत होते. मग विचारलं, "ह्यात कोर्ट कुठल्या पानावर आहे?"

मी गप्प. ओरडले नाहीत. म्हणाले, "मी आरोपी पकडतो, मग वर्षानुवर्षं तारखांना जातो. कधी कधी तो सुटतो पण. तुझा हा कुत्र्याच्या तोंडाचा एका रात्रीत सगळं उरकतो."

तेव्हा राग आला होता. कारण डोगाचं बालपण मला पाठ होतं. कचऱ्यात टाकलेलं बाळ, डाकू हलकानसिंगने स्वतःच्या बचावासाठी उचललेलं, कुत्र्यांच्या संगतीत वाढलेलं. अदरकचाचांनी त्याला लायन जिममध्ये घडवलं ते वाचताना मी रडलेय. पण बाबा रात्रपाळीला निघाले की मनात यायचं, डोगा खरंच असता तर त्याला धरायला माझ्या बाबांनाच पाठवलं असतं. बाबांच्या हातात काठी आणि त्याच्या हातात बंदूक. तिथे माझं फिरलं. व्हिलन नाही म्हणणार मी त्याला, पण हीरोच्या गठ्ठ्यातून काढला तो काढलाच.

निशिगंध
काटा आला अंगावर. बाबांना नमस्कार सांग गं.

हवालदाराची_पोर
सांगते. रिटायर झाले, आता नातवाला शाळेत सोडायची ड्युटी 🙂

काळाचौकीकर
बाबांना कडक सलाम. तरी पण नव्वदीची मुंबई आठवा. पेपर उघडला की गँगवॉर. आज धरलेला माणूस आठवड्याने नाक्यावर कॉलर वर करून उभा. दुकानदार त्याला फुकट चहा देणार, आणि माझा काका मान खाली घालून समोरून जाणार. डोगा त्याच काळात आला. त्या वयात आम्हाला कोर्ट नको होतं, तो माणूस नाक्यावरून हललेला हवा होता. मी डोगाला अजूनही हीरोच म्हणणार, भांडलात तरी चालेल.

माटुंगा_लेबर_कँप
अमेरिकेतला पनिशर पण असाच. १९७४ साली स्पायडरमॅनच्या अंकात आला तो स्पायडरमॅनला मारायलाच. मग लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्याची स्वतःची कॉमिक्स निघाली. म्हणजे गठ्ठा वाचकांनी बदलला, त्याने नाही. तो पहिल्या दिवशी जे करत होता तेच पुढे करत राहिला. ह्याचं काय करायचं धागाकर्ती?

शिवडीची_लेक
चांगला मुद्दा. विचार करून लिहिते, आत्ता पॅकर्सवाला दारात आहे.

तळमजला
मी वेगळं सांगतो. इंद्रजालमधल्या वेताळच्या, म्हणजे फँटमच्या, दोन अंगठ्या आठवतात ना? एक कवटीची, ती ठोशाबरोबर वाईट माणसाच्या जबड्यावर उमटायची, जन्मभर जायची नाही. दुसरी संरक्षणाची, चांगल्या माणसासाठी. आमच्या चाळीत सोड्याच्या बुचात रबराचा तुकडा बसवून त्यावर कवटी कोरली होती. शाईत बुडवायची आणि ठप्पा. मी बोबडा बोलायचो, त्यामुळे रोज डाकू मीच. शाळेत जाताना गालावर निळा डाग. आई साबणाने घासायची, अर्धा जायचा, अर्धा राहायचा.

तेव्हापासून मला एकच कुतूहल. तो ठप्पा बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं? त्याला नोकरी कोण देतं? सुधारला तर दाखवणार कसा? शंभर अंक चाळले असतील, वेताळ घोड्यावर बसून गुहेकडे निघून जातो आणि गोष्ट संपते. वेताळ आवडतोच मला, आजही. पण ती अंगठी नाही आवडत.

निशिगंध
तळमजला, किती वाईट वाटलं वाचून. तुला त्या पोरांपैकी कोणी नंतर भेटलं का?

तळमजला
भेटतात ना, गणपतीत सगळे भेटतो. चांगली आहेत पोरं.

मराठी_शाळेतली_बाई
@तळमजला, तुम्ही बहादूर वाचायला हवा होता, तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. इंद्रजालमध्येच यायचा, आबिद सुरतींनी १९७६ साली लिहायला घेतला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुडता आणि जीन्स. बाप भैरवसिंग डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघालेला, आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा तोच पोलीस अधिकारी विशाल त्याला सांभाळतो. पुढे बहादूर गावकऱ्यांना उभं करून डाकूंशी लढतो आणि शरण येणाऱ्याला परतीची वाटही देतो. चंबळचे डाकू शस्त्रं खाली ठेवत होते तो काळ.

मी वर्गात ही गोष्ट तोंडी सांगते. दरवर्षी एक तरी मूल विचारतं, "बाई, त्याच्या बापाला कोणीच का नाही सांभाळलं?" ह्या प्रश्नासाठी मी ती गोष्ट सांगते. पेपर तपासायचे पडलेत, येते नंतर.

लालबागची_सून
आमच्याकडे पाडव्याला सासूबाई ओवाळताना म्हणतात इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. आणि मुलगा चित्रकथेत वामनावतार वाचत बसलेला. "आजी, तू असुराचं राज्य का मागतेस?" सासूबाई म्हणाल्या, "अरे शब्द दिला आणि पाळला त्याने, डोक्यावर पाय घेतला. असा राजा दाखव मला दुसरा." पोरगा निरुत्तर. बळीराजा आमच्या घरी कधीच व्हिलन नव्हता. कुकर झाला, पळते.

चाकरमानी
+१ लालबाग. आमच्या रत्नागिरीकडे नमनात, म्हणजे लोकनाट्याच्या खेळात, संकासूर येतो, काळा पोशाख, कमरेला घुंगरांचा पट्टा. असूर आहे, पण पोरं त्याच्याच मागे धावणार आणि बायका त्याला नवस बोलणार. शिमग्याची तिकिटं मिळाली का कोणाला? वेटिंगच दाखवतंय.

बोरिवली_फास्ट
@चाकरमानी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

दोन_मुलांची_आई
मला ह्या सगळ्यात थोडं थांबवावंसं वाटतं. माझ्या धाकट्याच्या टी-शर्टवर बॅटमॅनचा व्हिलन जोकर, मोबाइलवर जोकर. म्हणतो, "त्याला समाजाने तसं केलं." जोकर १९४० मध्ये पहिल्यांदा आला तोच माणसं विष घालून मारत, मेलेल्याच्या चेहऱ्यावर हसू राहील असं विष. १९८८ च्या त्या गाजलेल्या अंकात तो आपला भूतकाळ सांगतो, आणि स्वतःच म्हणतो की कधी एक आठवतो, कधी दुसरा. म्हणजे पुरावा काहीच नाही, तरी आमची पोरं हळहळतात. ज्या मुलीला तो त्या अंकात गोळी घालतो तिचा टी-शर्ट कोणी घालत नाही. दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं, सगळे विष घालत फिरत नाहीत. मुलाला हे स्पष्ट सांगितलं. दोन दिवस बोलला नाही. हरकत नाही.

माटुंगा_लेबर_कँप
ताई शंभर टक्के. पण एक्स-मेनच्या मॅग्निटोला त्यात धरू नका हां. १९६३ मध्ये तो साधा दुष्ट होता, जग जिंकायला निघालेला. १९८१ च्या अंकात लेखकाने त्याचं लहानपण ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं आणि सगळं पालटलं. मी तो अंक हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचला. पाणबुडी बुडवतो त्यात तो, माणसांसकट. आणि मग एक लहान मुलगी त्याच्या हातून जवळजवळ मरते, तिला उचलून घेऊन तो तसाच बसतो. मी पुढची पानं उलटलीच नाहीत बराच वेळ. त्याचा राग खरा आणि त्याने बुडवलेली माणसंही खरी. दोन्ही धरून ठेवायला जड जातं.

परळचे_काका
मी कॉमिक्सवाला नाही. मुलगा बॅटमॅनचे कार्टून लावायचा. त्यात एक मिस्टर फ्रीझ. पत्नी आजारी, औषध नाही म्हणून तिला गोठवून ठेवलेली, तिच्यासाठी संशोधन चाललेले, ते बंद पाडले म्हणून हा पेटलेला. मुलाने सांगितले की १९५९ मध्ये तो मिस्टर झीरो नावाचा किरकोळ चोर होता, पत्नीची गोष्ट १९९२ मध्ये त्या मालिकेने घातली. त्या वर्षी आमच्या घरी पण केमो चालू होती. रोज सकाळी हॉस्पिटलच्या रांगेत. मुलगा म्हणाला बाबा हा व्हिलन आहे. मी म्हटले असेल. पण बर्फाच्या पेटीसमोर तो उभा राहायचा ते मला बघवायचे नाही, उठून गॅलरीत जायचो.

निशिगंध
काका 🙏 काकू आता कशा आहेत?

परळचे_काका
बरी आहे. समोर मेथी निवडतेय. विचारतेय कोणाशी एवढे टाइप करता.

हवालदाराची_पोर
काकूंना आमच्या सगळ्यांकडून नमस्कार!

शिवडीची_लेक
आले एकदाची. @माटुंगा, पनिशरबद्दल विचार केला. वाचकांनी उचलून धरलं म्हणून तो हीरो होत नाही माझ्या लेखी. नागराजने सुटका झाल्यावर वाट बदलली, बहादूरने सूड सोडला, मॅग्निटो निदान त्या मुलीपाशी थांबला. पनिशर कुठेच थांबत नाही, आणि डोगाही नाही. काळाचौकीकर, तुमच्या काकांचं वाचून गलबललं खरंच, तरी मी हवालदार बाबांच्या बाजूने.

काळाचौकीकर
मान्य नाही, पण मांडलंय छान.

बोरिवली_फास्ट
ट्रंकेचं काय ठरलं? आणि पिना गंजल्या असतील तर आधी काढा, कागद खातात त्या. सुती दोऱ्याने टाके घाला मधोमध.

शिवडीची_लेक
पिना काढायला बसलेच आहे. बहादूरचे दोन अंक डबल निघालेत. @तळमजला, तुम्हाला देते. रविवारी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जाणार आहे, तिथे या.

तळमजला
नक्की येतो! फक्त रविवारी हार्बरला ब्लॉक आहे बहुतेक. शनिवारी संध्याकाळी जमेल?