पोट सुटलं की डोकंही जड होतं का? वजन, व्यायाम, हार्मोन आणि निर्णय

धुऱ्यावरून:
शेतकरी गटाच्या बैठकीत तासभर या विषयावर बोलायचं आहे. जेवण झालं की झापड येते, हिशोब चुकतो, सोयाबीन आज काढायचं की थांबायचं ते सुचत नाही. यात वाढलेल्या पोटाचा आणि हार्मोनचा वाटा खरोखर किती? दिवसभर वावरात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, हा सवाल पहिल्या पाच मिनिटांत येणारच. कोणत्या तपासण्या सांगाव्या? गावात सिकलसेलचे (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्ताचा आजार) रुग्ण आहेत, हेही लक्षात घ्या.

मृग_बहार:
भाऊ, वजनकाटा बाजूला ठेवा, टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्या. नाडा किंवा निऱ्यांवरून घेतलेलं माप हमखास चुकतं. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायांमध्ये ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं. हडकुळा दिसणारा माणूसही यात सापडतो. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवलं: त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

आता डोक्याचं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण खर्च २० टक्के ऊर्जेचा. पोटाच्या आतली चरबी नुसती पडून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिन या हार्मोनला पेशी दाद देईनाशा होतात, आणि मेंदूच्याही रक्तवाहिन्यांचं नुकसान वर्षानुवर्षं साचत जातं. लेप्टिन हा 'पोट भरलं' सांगणारा हार्मोन १९९४ साली सापडला. लठ्ठ माणसात तो कमी नसतो, उलट जास्त असतो. मेंदू त्याचं ऐकत नाही. म्हणून 'तोंडावर ताबा नाही' असं म्हणून कोणाला बैठकीत लाजवू नका.

अभ्यासांमध्ये लठ्ठपणासोबत 'पुढच्या मोठ्या फायद्यापेक्षा हातातला छोटा बरा' हा कल सरासरीने थोडा जास्त दिसतो. पण सरासरीवरून एका माणसाची अक्कल मोजता येत नाही. कर्जाचा हप्ता दारात उभा असताना पडत्या भावात माल विकणाऱ्याचा निर्णय हार्मोनवर ढकलणं तर सरळ अन्याय आहे. हे बैठकीत ठासून सांगा.

थ्री_फेज:
व्यायामाचं मी सांगतो. कापूस वेचणीत कंबर मोडते, पण धाप लागत नाही. निंदणाचंही तसंच. ट्रॅक्टर आणि मोटारपंप आल्यापासून पुरुषांची चालही कमी झाली. हृदयाचे ठोके वाढतील अशी भरभर चाल आठवड्याला १५० मिनिटं हवी: बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. सोबत दोन दिवस ताकदीचं काम, म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, असे दोन-तीन फेरे.

मेंदूला याचा फायदा मोजला गेला आहे. २०११ साली छापलेल्या अमेरिकी प्रयोगात १२० वयस्क होते. त्यांतल्या चालणाऱ्या गटाने आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत, वर्षभर चाल ठेवली. स्मरणाशी जोडलेला मेंदूचा भाग त्यांच्यात २ टक्क्यांनी वाढला, नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांत घटला.

दुपारच्या झापडीवर उपाय ताटातच आहे. आधी भाजी आणि घट्ट वरण, भात शेवटी आणि अर्धा, मग १०-१५ मिनिटं चालणं. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. जेवून लगेच बाजेवर आडवं झालं की हा फायदा जातो.

झोप विसरू नका. रब्बीत रात्रीची लाईन आली की ओलीत करायला जागरण होतं. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, लेप्टिन उतरतं. अशा रात्रीनंतर सकाळी सौदा करू नका, निदान दुसऱ्याकडून हिशोब तपासून घ्या. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं घरच्यांना विचारा. तसं असेल तर डॉक्टरांकडे जाच, झोप सुधारल्याशिवाय दिवसाची सुस्ती जाणार नाही.

पळसफूल:
तपासण्या: उपाशीपोटी साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन. थायरॉइड मंद असेल तर वजन वाढतं आणि विचारही संथ होतो. त्याची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यात बी-१२ उतरू शकतं, विसराळूपणा तिथूनही येतो.

सिकलसेलच्या रुग्णात एचबीए१सी वर (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) विसंबू नका. लाल पेशी एरवी १२० दिवस जगतात, यांच्या फार लवकर मोडतात, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. काही यंत्रांवर वाहकांचाही (आजार नाही, पण त्याचा एक जनुक अंगात आहे अशांचा) चुकतो. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्या: १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० आणि वर म्हणजे मधुमेहच समजून डॉक्टरांकडे पाठवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास धरला किंवा उपाशी चालायला गेला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं. लोक म्हणतात, प्यायलाय. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

धुऱ्यावरून:
बरं झालं सांगितलं. उन्हाळ्यात, ४५ अंशांत, चालायचं कधी?

पळसफूल:
सकाळी सातच्या आत, पाणी सोबत. सिकलसेलच्या रुग्णाला भरभर चाल आणि उठबशा परस्पर सांगू नका. ऊन, तहान आणि दमछाक यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांची चाल किती आणि कशी, ते त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.