मदत हवी आहे: ५० युनिटची नवी इलेक्ट्रिक हॅचबॅक की ६० युनिटची तीन वर्षं वापरलेली?

मुक्कामपोस्ट

रोजचं जाणं-येणं ६० किमी, जवळजवळ सगळं शहरात. महिन्यातून दोनदा ३५० किमी हायवे, तिथे रात्रभर मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. पार्किंग हक्काचं आहे, पण मीटरपासून केबलच्या वाटेने ३५ मीटर लांब. बजेट एकच, पर्याय दोन:

अ) नवी गाडी, वापरता येणारी बॅटरी ५० युनिट (किलोवॅट-तास), एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट).
ब) तीन वर्षं जुनी, ५५ हजार किमी चाललेली, ६० युनिट, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट).

३५० किमी न थांबता कोणती जाईल? घरी ७ किलोवॅटचा चार्जर लागेलच का? आणि जुन्या गाडीची बॅटरी कशी पारखायची? विकणारा '९८ टक्के हेल्थ' असा स्क्रीनशॉट दाखवतोय. पेट्रोल बरं की इलेक्ट्रिक हा वाद इथे नको, ते ठरलंय.

किलोवॅट

न थांबता दोन्ही जाणार नाहीत. ब्रोशरवरचा आकडा बाजूला ठेवा आणि हिशेब युनिटमध्ये मांडा.

या आकाराची हॅचबॅक ताशी १०० च्या स्थिर वेगाला १०० किमीमागे साधारण १६ युनिट खाते. म्हणजे ३५० किमीला ५६ युनिट. पोचताना १० टक्के शिल्लक हवी असं धरलं, तर ५० वाल्या गाडीत वापरायला ४५ मिळतात, म्हणजे २८० किमी. ६० वालीत ५४, म्हणजे ३३७ किमी, तेही बॅटरी नव्यासारखी असेल तर. थांबा दोघींनाही एकेक. ५० वाली जलद चार्जरवर पंधरा-वीस मिनिटं घेईल, ६० वाली दहा. दहा युनिट जास्त मोजून महिन्यातून चार फेऱ्यांत मिळून पाऊण तास वाचला तर खूप.

वेग ११५-१२० वर नेलात की खप १९ च्या पुढे जातो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मग ५० वाली २३५ किमीलाच चार्जर शोधायला लागते. उलट ताशी ८५-९० ला हीच गाडी ३०० च्या पुढे जाते. बॅटरी बदलण्यापेक्षा उजवा पाय बदलणं स्वस्त पडतं.

थांबा १० ते १५ टक्क्यांवर घ्या आणि ६०-६५ ला निघा. ८० च्या पुढे करंट उतरत जातो. शेवटच्या वीस टक्क्यांना बऱ्याचदा आधीच्या पन्नासांइतका वेळ जातो. लोक १०० होईपर्यंत चार्जरची गन लावून बसतात आणि मग 'चार्जिंगला फार वेळ लागतो' म्हणतात.

तारजोडणी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, रोजच्यासाठी लागणार नाही. ६० किमीला गाडीतून साडेआठ युनिट जातात, चार्जिंगची तूट धरून भिंतीतून साडेनऊ-दहा. १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर गाडीसोबतची केबल ३ किलोवॅटच्या आसपास ओढते. सव्वातीन तासांत काम फत्ते.

पण गाडी बुक करण्याआधी ती ३५ मीटरची लाइन ओढून, तपासून घ्या. गाडी दारात आणि लाइन नाही, अशा वेळी खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळतो आणि तिथूनच जळके सॉकेट सुरू होतात.

केबल: १६ ॲम्पिअरला या अंतरावर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीत १० व्होल्टच्या आसपास पडतात, ४ मध्ये सहा. माझं मत विचाराल तर थेट १० स्क्वेअर एमएम ओढा. उद्या ३२ ॲम्पिअरचा चार्जर बसवायचा झाला तरी ड्रॉप पाच व्होल्टच राहील आणि पाइप पुन्हा उघडायला नको. जाड वायर साध्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये मावत नाही, म्हणून पार्किंगपाशी छोटा डीबी (स्विचची पेटी) बसवून तिथून सॉकेटपर्यंत ४ ची वायर न्या. त्या डीबीत १६ ॲम्पिअरचा एमसीबी हवा आणि ३० मिलिॲम्पिअरची टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). स्वस्तातली टाइप एसी नको: चार्जरकडून थोडा जरी डीसी करंट गळला तरी तिचा गाभा त्याने भरून जातो आणि खऱ्या गळतीच्या वेळी ती पडतच नाही.

सॉकेट घरातल्या गीझरचं वापरू नका. तासन् तास सलग १३-१४ ॲम्पिअर त्याच्या स्प्रिंगला झेपत नाही. निळं, गोल पिनांचं औद्योगिक सॉकेट घ्या. चार्जिंग केबलचा प्लगही त्याला जुळणारा हवा, मधे ॲडॉप्टर नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा, टर्मिनलचा स्क्रू सैल आहे. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, तांब्याची तार दाबाखाली बसते आणि स्क्रू ढिले पडतात.

मुक्कामपोस्ट

वायरमन येऊन गेला. इथल्या जुन्या अर्थिंगवर चार्जिंग केबलचा लाल दिवा लागेल म्हणतो, 'सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा जाईल.' चालेल का?

तारजोडणी

अजिबात नाही. दिवा जाईल, धोका राहील. जोड केल्यावर मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फेजचा व्होल्टेज चार्जरमधून फिरून अर्थच्या वाटेने गाडीच्या बॉडीवर येतो. टायर रबराचे, त्यामुळे गाडी शांत उभी असते. जमिनीवर उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो. शिवाय जोड आरसीसीबीच्या पुढे असेल तर ती सारखी पडेल, आणि मग हाच माणूस आरसीसीबी काढून टाकायला सांगेल.

नवीन अर्थ पिट करून घ्या, तिथून डीबीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर. नंतर गाडी चार्ज होत असताना न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला लावा. दोन-तीन व्होल्ट ठीक. आठ-दहा दिसले तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

जुनंतेसोनं

स्क्रीनशॉट विसरा. हेल्थचा टक्का हा बीएमएसचा (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या गाडीतल्या सर्किटचा) अंदाज असतो, आणि काही गाड्यांत बीएमएस रीसेट केला की तो तात्पुरता वर उडी मारतो. स्वतः मोजा:

गाडी २० टक्क्यांवर आणा. एसी (जलद नव्हे, साध्या) चार्जरवर ८० पर्यंत भरा आणि मीटरवरचे युनिट टिपून घ्या. समजा ३८ गेले. ७ किलोवॅटवर साधारण ११ टक्के तूट धरली तर बॅटरीत ३४ उतरले. ३४ भागिले ०.६ म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे ५६.५. साठातले साडेछप्पन्न म्हणजे ९४ टक्के. तीन वर्षं आणि ५५ हजार किमीला उत्तम. आकडा ५१ च्या खाली आला तर सौदा सोडा. चार्जिंग चालू असताना गाडीचं एअर कंडिशनर बंद ठेवा, नाहीतर तेही युनिट हिशेबात घुसतात.

दुसरी तपासणी ओबीडी डोंगल (गाडीची आतली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र) लावून: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक. गाडी उभी असताना १०-२० मिलिव्होल्ट नेहमीचे. खरी परीक्षा १५ टक्क्यांच्या खाली, चढावर जोर देताना. तिथे एकच सेल १०० मिलिव्होल्टच्या पुढे खाली पडत असेल तर तो सेल अख्ख्या पॅकला मागे ओढणार. संपूर्ण पॅकची क्षमता चांगली दिसत असूनही गाडी ८ टक्क्यांवर अचानक कासव होते, ती याच कारणाने.

चासी नंबरवरून रिकॉल पूर्ण झालाय का तेही बघा. शेव्हरोले बोल्टचं उदाहरण आहेच: २०२१ मध्ये आगीच्या धोक्यामुळे तोवरच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या, कारण काही सेलमध्ये ॲनोडची पट्टी फाटलेली आणि सेपरेटर (दोन ध्रुवांमधला पडदा) दुमडलेला, हे दोन्ही दोष एकत्र आले होते. ज्यांची बॅटरी बदलून मिळाली त्या गाड्या आज उलट चांगला सौदा ठरतात. आणि बॅटरीला पाण्याचं कूलिंग आहे ना, हे विचारा. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांत ते नव्हतं, त्यामुळे एका दिवसात दुसऱ्या-तिसऱ्या जलद चार्जला वेग निम्म्यावर यायचा. तुमच्या हायवेच्या फेऱ्यांना असली गाडी नको.

किलोवॅट

अ घेतलीत तर एक सवय लावा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून बीएमएसला नेमके किती टक्के उरले ते व्होल्टेजवरून कळत नाही, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजत बसतो आणि हळूहळू चुकतो. आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा. नाही केलं तर १८ टक्क्यांवरून थेट ६ दिसतं आणि माणूस हायवेवर घामाघूम होतो. एनएमसीला उलट: रोज ८०, शंभर फक्त निघायच्या आदल्या रात्री. लहान बॅटरी म्हणजे एलएफपी असंही समजू नका, बीवायडी डॉल्फिनची ६० युनिटची बॅटरीही एलएफपीच आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी १६ ॲम्पिअरचं धड सॉकेट असेल तर दहा तासांत २५-२६ युनिट परत येतात. परतीचा थांबा त्याने लहान होतो, टळत नाही.

मुक्कामपोस्ट

अ कडे कल झाला. अर्थ पिट आधी. शेवटचं एक: रस्त्यात बंद पडली तर टोचन करून नेता येते ना?

जुनंतेसोनं

चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून नाही. चाकं फिरली की मोटर जनरेटर होते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. त्याआधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा. बंद पडण्यात तीच जास्त वेळा निघते. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असली तरी छोटी उतरली की काँटॅक्टर (मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच) जुळत नाहीत आणि गाडी 'रेडी' दाखवत नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.२ च्या खाली दिसलं की बदला, आणि डॅशकॅमची वायर कायम चालू लाइनवर जोडू नका.