कलम 127 ची नोटीस दिली, उत्तरात टीडीआर! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या नावावरच्या जागेवर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. (सध्या तिथे खेळतं ते फक्त गाजरगवत.) आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली, तरी संपादन नाही. म्हणून एमआरटीपी कायदा 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) च्या कलम 127 खाली नगरपरिषदेला खरेदीची नोटीस दिली. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा सगळं जोडून. 2015 च्या दुरुस्तीनंतर नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं.

मुदत संपत आल्यावर उत्तर आलं: मोबदल्यात टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या. आमच्या एवढ्याशा गावात टीडीआर विकत घेणारा बिल्डर कुठून आणायचा?

असं नुसतं पत्र 'संपादनाचं पाऊल' धरलं जातं का? टीडीआर नाकारून रोख मोबदलाच मागितला, तर आमची बाजू कच्ची पडते का? आणि मुदत संपल्यावर राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत बांधकाम परवानगी अडवतात, की सरळ उच्च न्यायालयच गाठावं लागतं?

स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. 'साहेब ओळखीचे आहेत' छाप सल्ले नकोत, ते भरपूर मिळालेत.