प्रतिसाद: निवडणुका बंद, पण राजकारण चालूच

‘विद्यार्थी निवडणुका १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने गेल्या, तेव्हापासून गावचं कॉलेज थंड पडलं,’ असं वरच्या लेखात म्हटलंय; ते अर्धंच खरं. पोरांचं राजकारण थंडावलं, संस्थेचं नाही. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं निघाली. तेव्हापासून प्रवरानगर, वारणानगरसारख्या ठिकाणी साखर कारखाना, दूध संघ आणि कॉलेज एकाच वर्तुळात फिरतात.

या राजकारणाची खरी नाडी बघायची तर विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची (जिथे फक्त पदवीधर मत देतात) मतदार नोंदणी बघा. ही यादी दर निवडणुकीला कोरी होते, जुनं नाव आपोआप येत नाही. अर्ज क्र. १८, सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. १ नोव्हेंबरच्या आधी पदवीधर होऊन तीन वर्षं पूर्ण हवीत आणि ती मोजायची निकालाच्या तारखेपासून, पदवीदान समारंभापासून नव्हे. इथेच बरेच घसरतात. दुसरी अडचण सुनांची: पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत आधीच जोडलेली बरी.

आता मेख. त्रयस्थाने गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेत नाहीत, पण संस्थाप्रमुख आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतो. म्हणजे कार्यालयातल्या कपाटात कोणाचा अर्ज गेला, कोणाचा राहिला, हे सगळं दिसतं. तासिका तत्त्वावरच्या (तासावर पैसे मिळणाऱ्या) मास्तरची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते. संस्थेने अर्ज मागितला तर तो ‘नको’ कुठल्या तोंडाने म्हणणार?