मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) विद्यार्थिनी, कमी ऐकू येतं, गृहभेटी कशा जमवाव्यात?

गोवंडीत आमच्या संस्थेत एमएसडब्ल्यूच्या मुलांचं फिल्डवर्क मी बघते. यंदाच्या एका मुलीला कानाच्या मशीनशिवाय ऐकू येत नाही, बाकी ती ओठ वाचते. केस रेकॉर्ड इतकं नेटकं लिहिते की आमच्या स्टाफने शिकावं. अडतं ते गृहभेटीत. गल्लीतला गोंगाट, एकाच वेळी बोलणाऱ्या तिघीजणी, त्यात कुणी ओढणी तोंडावर घेतली की संपलंच.

सोबत कार्यकर्ती दिली, तर बायका तिच्याशीच बोलतात. मोबाईलवरचं बोलणं लिहून देणारं अॅप मराठी-हिंदी सरमिसळीत गडबडतं. शिवाय घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये ते चालू ठेवणं मलाच पटत नाही, गोपनीयतेचं काय? ऑफिसात शांत खोलीत भेट छान होते, पण सगळ्या बायका घराबाहेर पडू शकत नाहीत.

तिला सांकेतिक भाषा येत नाही, त्यामुळे दुभाषा नको. 'ऑफिसकाम द्या' हा सल्लाही नको, तिला केसवर्कच करायचंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली वाजवी सोयीची, म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी गरजेचे बदल करून देण्याची तरतूद माहीत आहे, कॉलेजचीही तयारी आहे.

कॉलेजच्या मूल्यमापन फॉर्ममध्ये मात्र 'स्वतंत्रपणे गृहभेट घेता येणे' ही आवश्यक क्षमता आहे. सोबत कुणी असेल तर ती भेट 'स्वतंत्र' धरायची का? आणि सोबतच्या कार्यकर्तीने नेमकं काय करावं, काय करू नये, म्हणजे केस मुलीच्याच हातात राहील? असं कुणी प्रत्यक्ष केलंय का?