थायमसमध्ये एकाच ग्राहीच्या संकेतातून टी पेशी जगणार की मरणार, हे कसे ठरते?

प्रश्न : विद्यार्थिनी, सातारा

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत असून प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासात एका मुद्द्यापाशी अडले आहे. अस्थिमज्जेतून आलेल्या पूर्वपेशी छातीतील थायमस ग्रंथीत टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बनतात, ज्यांचा ग्राही (टीसीआर) शरीराच्या स्वतःच्या एमएचसी रेणूंशी (पेशीवर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या) जुळतो त्या निवडल्या जातात आणि स्वतःच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या पेशी पुढे मारल्या जातात, इथपर्यंत समजले. परंतु दोन्ही वेळी ग्राही तोच असतो, समोरचा रेणूही शरीराचाच असतो आणि पेशीच्या आत एलसीके, झॅप-७०, लॅट या प्रथिनांची संकेत-साखळीही तीच असते. असे असताना एका पेशीला जीवदान आणि दुसरीला मृत्यू कसा मिळतो? ‘बंध सौम्य असेल तर पेशी जगते, घट्ट असेल तर मरते’ एवढे एका ओळीतले उत्तर वाचले आहे. पण सौम्य आणि घट्ट यांतला फरक पेशीला रेणूंच्या पातळीवर कळतो कसा, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : प्राध्यापक, सांगली

आपला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. या विषयाचा गाभाच तो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवातीचा टप्पा झटपट सांगतो. थायमसमध्ये आलेली पूर्वपेशी टी पेशी होणार हे नॉच-१ या ग्राहीमुळे ठरते. त्याला जागे करणारा डीएलएल-४ हा रेणू थायमसच्या अधिस्तर पेशींवर असतो. उंदरांमध्ये नॉच-१ काढून टाकले तर थायमसमध्येच बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या) तयार होऊ लागतात, असे १९९९ मध्ये दिसून आले. त्यानंतर टीसीआरची बीटा साखळी (त्याच्या दोन भागांपैकी एक) जुळली की ती प्री-टी-अल्फा या तात्पुरत्या जोडीदारासह पेशीपटलावर येते. या वेळी समोर कोणताही रेणू बांधला जाण्याची गरज नसते. साखळी नीट बनली एवढीच खात्री त्या संकेतातून होते, पेशी झपाट्याने विभागते आणि सीडी४ व सीडी८ हे दोन्ही सहग्राही (ग्राहीला साहाय्य करणारे रेणू) अंगावर बाळगू लागते.

आपली अडचण याच्या पुढची आहे. दोन्ही सहग्राही असलेल्या या पेशीला साधारण तीन-चार दिवसांची मुदत असते. तेवढ्या काळात तिच्या ग्राहीला कोणताच उपयुक्त संकेत मिळाला नाही, तर ती उपेक्षेने मरते, आणि बहुसंख्य पेशींचा शेवट असाच होतो. ज्यांना संकेत मिळतो, त्यांच्याबाबत बंध किती वेळ टिकतो याला फार महत्त्व आहे. ग्राहीसोबतच्या सीडी३ प्रथिनांवर फॉस्फेट लावण्याचे काम एलसीके करते, मग तेथे झॅप-७० येऊन बसते, तेही सक्रिय व्हावे लागते आणि त्यानंतर लॅटवर काम सुरू होते. या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. बंध लवकर सुटला तर साखळी अर्ध्यावरच विरते. बंध टिकला तर ती शेवटपर्यंत जाते. म्हणजे पेशी बंधाची घट्टता थेट मोजत नाही, ती वेळ मोजते.

आपल्या भागातल्या गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. काहील तीच, रस तोच आणि चुलाणही तेच; पण रस आधी उतरवला तर काकवी, नेमक्या वेळी उतरवला तर गूळ, आणि आच लागत राहिली तर तो करपतो.

मात्र हा फरक निव्वळ कमी-जास्त मात्रेचा नाही, आणि मला स्वतःला या विषयातले सर्वांत सुंदर काम याच मुद्द्यावरचे वाटते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की बंधाची ताकद एका उंबरठ्याच्या किंचित खाली असेल तर रास आणि ईआरके या संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनांची सक्रियता पेशीच्या आत, गॉल्जी पिंडाच्या परिसरात, सावकाश आणि दीर्घकाळ राहते, आणि अशी पेशी जगते. तोच बंध उंबरठ्याच्या किंचित वर गेला की रास पेशीपटलापाशी सक्रिय होते, बिम या मृत्यूकारक प्रथिनाची पातळी वाढते आणि पेशी मरते. साखळी तीच असली तरी ती पेशीच्या कोणत्या भागात आणि किती काळ चालू राहते, यावरून तिचा अर्थ बदलतो.

एक दुरुस्ती सुचवतो. ‘आधी निवड, पुढे मृत्यू’ हा क्रम शिकवायला सोयीचा असला तरी घट्ट बंध असलेल्या अनेक पेशी थायमसच्या बाह्यभागातच मरतात. अंतर्भागाचे वैशिष्ट्य असे की तेथील अधिस्तर पेशी एआयआरई या प्रथिनाच्या साहाय्याने इन्सुलिनसारखी एरवी दूरच्या अवयवांतच बनणारी प्रथिने थोड्या प्रमाणात तयार करून दाखवतात. या प्रथिनाचे जनुक बिघडले तर माणसात अनेक ग्रंथींवर एकाच वेळी हल्ला करणारा स्वप्रतिकार आजार होतो.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, मिरज

सरांनी यंत्रणा उत्तम मांडली आहे. ती बिघडल्यावर काय होते, हे रुग्णाच्या बाजूने लिहितो, कारण तान्ह्या बाळांच्या तपासणीत आम्हाला त्याचा विचार करावाच लागतो.

निरोगी नवजात बाळाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाच्या वरच्या भागाशी थायमसची रुंद सावली दिसते, उजवीकडे कधी कधी तिची त्रिकोणी कडाही स्पष्ट असते. तोंडातली पांढरी बुरशी औषधाने हटत नाही, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो आणि ही सावलीही नाही, अशा बाळाच्या रक्तातील लिंफोसाइटची (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) एकूण संख्या आम्ही ताबडतोब पाहतो. ती दर घनमिलिमीटरला ३००० पेक्षा कमी असेल तर शंका बळावते. अर्थात कोणत्याही गंभीर आजारात थायमस आक्रसतो, म्हणून केवळ एक्स-रेवरून निदान करू नये. आयएल-७ या संकेताचा ग्राही सदोष असेल तर पूर्वपेशी अगदी सुरुवातीलाच टिकत नाहीत आणि टी पेशी जवळजवळ बनतच नाहीत. अशा बाळाला जन्मतः दिलेली बीसीजी लसही अंगभर पसरू शकते, त्यामुळे कुटुंबात आधीचे मूल संसर्गाने दगावले असेल, तर पालकांनी लस देण्यापूर्वीच डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

झॅप-७० नसलेल्या मुलांचे चित्र वेगळे असते: रक्तात सीडी८ पेशी जवळपास नसतात, सीडी४ पेशी दिसतात, पण ग्राहीकडून आलेल्या संकेताला त्या प्रतिसाद देत नाहीत. केवळ एकूण संख्या पाहिली, तर हे मूल नजरेतून सुटू शकते.

प्रश्नकर्ती विद्यार्थिनी, सातारा

आपणा दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. सर, झॅप-७० पूर्ण गेले नाही, फक्त दुबळे झाले, तर प्रतिकारशक्ती कमी होईल एवढेच ना? की निवडीचा उंबरठाही सरकेल?

उत्तर : प्राध्यापक, सांगली

उंबरठा सरकतो, आणि त्याचा परिणाम प्रथमदर्शनी उलटा वाटावा असा होतो. जपानमध्ये एसकेजी नावाच्या उंदरांना आपोआप संधिवात होत असे. त्यांच्या झॅप-७० मध्ये एकच उत्परिवर्तन असून त्यामुळे ग्राहीचा संकेत दुबळा होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. संकेत दुबळा झाल्यामुळे ज्या पेशी घट्ट बंधामुळे मरायला हव्या होत्या, त्यांचा संकेत जगण्याच्या टापूत येतो आणि त्या सुखरूप बाहेर पडतात. त्याच वेळी पूर्वी जेमतेम निवडल्या जाणाऱ्या पेशी उपेक्षेने मरतात. म्हणजे पेशींचा साराच संच स्वतःच्या शरीराला घट्ट ओळखणाऱ्यांच्या बाजूला कलतो.

हे काम शिमोन साकागुची यांच्या गटाचे आहे. नियामक टी पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना मिळाले. त्या नियामक पेशींचा आपल्या मूळ प्रश्नाशीही संबंध आहे: बंध बराच घट्ट, तरीही मृत्यू ओढवेल इतका नाही, अशा मधल्या पट्ट्यातल्या काही पेशींमध्ये आयएल-२ च्या साहाय्याने फॉक्सपी३ हे जनुक सुरू होते, आणि त्या मरण्याऐवजी इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी बनतात.