अनुभव धागा : चौकातलं नाताळचं झाड, आणि ते देणारी माणसं

डिसेंबर लागला की मला लंडनच्या ट्राफल्गार चौकातलं झाड आठवतं आणि त्यासोबत आईनं विचारलेला एक प्रश्न. यंदा म्हटलं, एकटीनं आठवत बसण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांना विचारावं. आपल्या मराठवाड्यातली मुलंबाळं आता कुठं कुठं पांगली आहेत. कुणी ना कुणी असं झाड पाहिलेलं असणारच.

मुलगा तिकडे शिकत होता तेव्हा आईला घेऊन गेले होते. आई पैठण तालुक्यातली, वय ७४. दुपारी चारलाच अंधार पडलेला. चौकात २० मीटरहून उंच झाड उभं होतं, सरळसोट, सडपातळ. दिव्यांच्या माळा झाडाला गुंडाळलेल्या नव्हत्या. शेंड्यापासून खाली सरळ सोडलेल्या होत्या. ही नॉर्वेची रीत, असं मुलानं सांगितलं. आईनं स्वेटरावरून शाल घट्ट केली, बराच वेळ वर बघितलं आणि विचारलं, "कुनी दिलं गं हे?"

मी म्हटलं, दिलं कशावरून? महापालिकेनं आणलं असेल. तर म्हणाली, "एवढं मोठं झाड कुनी इकत आनत नसतंय. कुनीतरी दिलेलंच आसनार."

आणि ते खरंच दिलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला, तेव्हा १९४० साली तिथले राजे सातवे हाकोन आणि त्यांचं सरकार लंडनला आलं. युद्ध संपेपर्यंत ते तिथूनच लढले. ती आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी लंडनला एक स्प्रूसचं झाड पाठवतं. बुंध्याशी तसं लिहिलेली पाटीही आहे. मुलानं ती आजीला मराठीत सांगितली. आई लगेच म्हणाली, "म्हंजे आहेरच की. वहीत लिहून ठिवला आसंल त्यांनी."

आमच्या घरी लग्नातल्या आहेराची वही आहे. कुणी स्टीलचा तांब्या दिला, कुणी ११ रुपये, कुणी नुसतं खण-नारळ. त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही उघडायची, मगच बाजारात जायचं. वही हरवली तर माणसं हरवतात, असं आई म्हणायची. ऑस्लोवाले इतकी वर्षं ती वही उघडतायत, हे तिला फार आवडलं होतं. गावी आल्यावर लंडनबद्दल कुणी विचारलं की ती राणीचा वाडा सांगायची नाही, झाडाचं सांगायची.

आई आता नाही. म्हणून हा धागा. तुम्ही असं झाड कुठं पाहिलं? ते कुणी दिलेलं होतं? मोठंच हवं असं काही नाही.

लातूर जिल्हा, सध्या बोस्टन

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. नाहीतर मी कुठं लिहीत नसतो.

मी नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलं होतं. आमची घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात थंडगार असायची म्हणून आम्हाला त्यांचा अभिमान होता. त्या रात्री तीच माती अंगावर आली. माझी आजी आणि धाकटी बहीण गेल्या. मला काकांनी पायाला धरून बाहेर ओढलं.

पुढचं आठवतं ते तुकड्या-तुकड्यात. पाऊस. लष्कराचे जवान. आणि भाकऱ्या. कुठून कुठून ट्रक यायचे, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन. एका गाठोड्यात भाकरीसोबत कुणीतरी लहान पोराचा नवा सदरा घातलेला. तो मला बसला. तो कुणी दिला ते मला आजवर कळलेलं नाही.

बोस्टनला आलो २०१२ ला. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातला एक जण म्हणाला, चल, बोस्टन कॉमन या बागेत झाडाचे दिवे लावणार आहेत. गेलो. तिथं कळलं की झाड इथलं नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाहून आलंय. का, तर १९१७ च्या ६ डिसेंबरला सकाळी हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं 'माँ-ब्लाँ' हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन पेटलं आणि फुटलं. शहराचा मोठा भाग भुईसपाट. जवळपास २००० माणसं गेली, ९००० जखमी. जहाजाला आग लागलेली बघायला लोक घरोघर खिडकीशी उभे होते. काचा फुटल्या आणि शेकडो जणांचे डोळे गेले. त्याच रात्री बोस्टनहून डॉक्टर, नर्सा आणि सामान घेऊन आगगाडी सुटली. वाटेत बर्फाचं वादळ लागलं, तरी पोचली.

१९१८ च्या नाताळला हॅलिफॅक्सनं बोस्टनला एक झाड पाठवलं. मधे ते थांबलं होतं. १९७१ पासून पुन्हा दरवर्षी येतंय. ४०-५० फुटांचं असतं आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी परसातलं किंवा शेतातलं असतं. घरवाले ते देतात. तोडायच्या दिवशी गाव जमतं, शाळेची पोरं येतात.

एका माणसाचं नाव तिथं आदरानं घेतात, व्हिन्स कोलमन. रेल्वेच्या तारखात्यातला. जहाजात काय भरलंय हे कळल्यावर तो पळत सुटला होता, पण प्रवाशांची गाडी शहराकडे येतेय हे आठवून परत फिरला. गाडी थांबवा म्हणून तार केली आणि तिथंच गेला.

मी त्या गर्दीत उभा होतो. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं तो सदरा आला, निळ्या चौकड्यांचा. बायकोला वाटलं थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय. तेव्हापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. मुलीला खांद्यावर घेऊन जायचो, आता ती माझा हात धरून नेते. शंभर वर्षांनंतरही लोक म्हणतायत, तुम्ही त्या रात्री आलात. मला ते दरवर्षी ऐकायचं असतं.

जालना

आमच्याकडे नाताळ घरचाच सण, म्हणून आमच्या झाडाचं सांगते.

जालन्याला मिशनची परंपरा जुनी. १९ व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी इथं जवळच बेथेल हे गाव वसवलं. माझे पणजोबा त्या काळात ख्रिस्ती झाले, असं घरात सांगतात. आमच्या लहानपणी झाड म्हणजे सुरूची फांदी. २० डिसेंबरच्या आसपास वडील आणि चर्चमधली माणसं सायकलवर आडवी टाकून आणायची. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात माती आणि विटांचे तुकडे घालून ती उभी करायची, डब्याला लाल घोटीव कागद चिकटवायचा. वर बांबूच्या कामट्यांची पतंगी कागदाची चांदणी.

आणि बर्फ म्हणून कापूस. दुकानातल्या पट्टीचा नाही, शेतातला. आमचे एक शेजारी, मराठा समाजाचे, वेचणी चालू असायची त्यांची. दरवर्षी न सांगता एक ओंजळ नाही, चांगलं उपरणंभर पांढराशुभ्र कापूस आणून द्यायचे. "घ्या मास्तर, तुमच्या झाडाला." आम्ही सरकी काढून, बोटांनी पिंजून फांद्यांवर ठेवायचो. बर्फ आमच्यात कुणीच पाहिला नव्हता. मी पुढं शिमल्याला खरा बर्फ पाहिला, तर मला तो कापसासारखा वाटला.

२५ ला त्यांच्या घरी करंज्यांचं ताट जायचं. ताट कधी रिकामं परत आलं नाही. संक्रांतीचे तीळगूळ म्हणा, नाहीतर हुरडा. ते काका गेले. मुलानं शेत बटईनं दिलंय, तरी कापूस येतो. आता पिशवीत येतो एवढंच.

नांदेड, सध्या न्यू जर्सी

रॉकफेलर सेंटरचं झाड सगळ्यांनी फोटोत पाहिलं असेल. नॉर्वे स्प्रूस, बहुतेक ७० ते १०० फूट, ५०,००० च्या आसपास दिवे, वर काचमण्यांचा तारा. गर्दी इतकी की पुढं सरकता येत नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला ते जाहिरातीसारखंच वाटलं.

मग बाबा आले होते इकडे. त्यांना त्या झाडाचा एक जुना फोटो दाखवला, १९३१ च्या नाताळच्या आदल्या दिवसाचा. मंदीचा काळ. जागेवर अजून इमारती नव्हत्या, खोदकाम चालू होतं. कामगारांनी आपसांत वर्गणी काढून २० फुटांचं झाड आणलं, घरच्या बायकांनी केलेल्या कागदाच्या आणि क्रॅनबेरी फळांच्या माळा त्याला घातल्या. फोटोत धुळीनं माखलेली माणसं झाडाशेजारी पगाराच्या रांगेत उभी आहेत. मालकांनी रीतसर झाड लावायला सुरुवात केली १९३३ ला, म्हणजे ही प्रथा मुळात मजुरांची.

बाबांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ धरला. ७२ च्या दुष्काळात ते १६ वर्षांचे होते, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. म्हणाले, "आमची पगाराची रांग अशीच. मुकादम मस्टर घेऊन बसायचा." दुपारी सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या लाल भाकरी. ती मिलो ज्वारी अमेरिकेतून यायची. "ह्यांच्या देशाची ज्वारी खाल्लीय मी," असं ते झाडाखाली उभं राहून म्हणाले, मोठ्यानं, मराठीत. जवळच्या एका बाईंनी वळून पाहिलं आणि हसल्या.

त्यांच्या तलावावर कामाच्या शेवटच्या दिवशी मजुरांनी वर्गणी करून नारळ फोडला आणि बांधावर वडाचं रोप लावलं. ते वडाचं झाड आहे अजून. गेल्या मे मध्ये बाबांनी मला तिथं नेलं. सावलीला शेळ्या बसल्या होत्या.

हिंगोली, सध्या रीगा (लॅटव्हिया)

मी इथं शिकते. रीगाच्या टाउन हॉल चौकात जमिनीत एक फरशी आहे, १५१० साली पहिलं नाताळचं सजवलेलं झाड इथं उभं राहिलं असं सांगणारी. शेजारच्या एस्टोनिया देशातलं टालिन शहर म्हणतं, आमच्याकडे १४४१ लाच होतं. दोन्ही शहरांच्या कथेत व्यापाऱ्यांच्या एकाच संघाचं नाव येतं. कोण आधी हे मला ठरवता येणार नाही. पण गणपती पहिला कुठल्या मंडळाचा यावर आपल्याकडे जे चालतं, तसंच इथं चालतं हे बघून पहिल्या हिवाळ्यात एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

बीड

एक टोचणारी गोष्ट लिहितो, राग मानू नका. मी २० वर्षं रोपं लावतोय. दर उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन जगवतो. ५०-६० वर्षांचं झाड महिनाभराच्या रोषणाईसाठी तोडायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे ६० वर्षांचा निंब असेल तर त्याच्या नावानं वस्ती ओळखली जाते. पुढं त्या झाडाचं काय होतं?

धागा काढणारी

टोचायलाच हवं. मलाही तेव्हा टोचलं होतं, आईला तर जास्तच. लंडनच्या झाडाचा नंतर भुसा करून बागांत पसरतात. न्यू यॉर्कच्या झाडाची लाकडं २००७ पासून गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेला जातात. शिवाय ही झाडं तिथल्या राखलेल्या जंगलातली किंवा अंगणातली, पुन्हा लावली जाणारी. तरी तुमची हळहळ खोटी ठरत नाही. तुमच्या एखाद्या निंबाबद्दल सवडीनं लिहा इथंच, मला वाचायचंय.

लातूर शहर

बोस्टनच्या दादांचं वाचल्यापासून दोन दिवस एकच डोक्यात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आपल्याला पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टँकर, ५ लाख लिटर. नंतर ५० टँकरची गाडी येऊ लागली. आमच्या नळाला दीड-दोन महिने पाणी नव्हतं. माझं बाळ चार महिन्यांचं होतं, त्याची दुपटी मी कोरडी झटकून वापरत होते. रात्री भांड्यांच्या रांगेत उभं राहायचं आणि जमावबंदी लागलेल्या टाकीवर पोलीस.

मी मिरज पाहिलेली नाही. तिथं आमचं कुणी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेकडे पूर आला. टीव्हीवर गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेली घरं दिसत होती. आमच्या गल्लीतल्या बायका कुणी न बोलावता मारुतीच्या पारावर जमल्या. कुणी ज्वारीचं पीठ आणलं, कुणी चादरी, कुणी मुलांचे कपडे, मेणबत्त्या. पोरांनी टेम्पो ठरवला. माझ्या सासूबाई एकट्या घरात जाऊन गॅलरीतून हाका मारत होत्या की, "पानी ठिवा, पानी. चहूकडं पूर आसला तरी प्यायला काय आसंल त्यांच्याकडं?"

मग सगळ्यात आधी पाण्याच्या बाटल्यांची खोकी चढवली, ४० खोकी, आणि बाकीचं सामान त्यांच्यावर रचलं. टेम्पो पहाटे निघाला. सासूबाईंनी ड्रायव्हरला दहीसाखर दिली आणि दोनदा बजावून सांगितलं की बाटल्या मिरजेतच उतरवायच्या, वाटेत कुठं नाही.